प्रकाशाची उघडझाप आणि अपस्मार

आगगाडीच्या खिडकीशीं बसून संध्याकाळच्या वेळीं प्रवास करतांना एक अनुभव आपणांपैकीं बहुतेकांनीं घेतला असेल. रुळांच्या कडेला झाडांची रांग लागते, तिच्या पलीकडे मावळतीचा सूर्य असतो, आणि गाडीच्या वेगाबरोबर ऊन-सावलीची उघडझाप डोळ्यांवर झपाट्यानें आदळूं लागते. आपण तोंड फिरवितों, आणि झाडें संपलीं कीं तो प्रकार विसरूनहि जातों. परंतु दर चार हजार माणसांत सुमारें एक माणूस असा असतो, कीं ज्याला ही उघडझाप इतक्या सहजपणें सोसत नाहीं. तिच्या ठेक्यासरशीं त्याच्या मेंदूंत वादळ उठतें, हातपाय आंचके देऊं लागतात, शुद्ध हरपते, आणि भोंवतालचे लोक म्हणतात, 'याला फेफरें आलें.' या विकारास प्रकाशजन्य अपस्मार असें म्हणतां येईल.

अशा माणसाचा मेंदु दिसलेल्या वस्तूचें नेमकें काय करतो, आणि ही गोष्ट उलगडण्यास इतका काळ कां लागला, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. म्हटला तर तो वैद्यकाचा इतिहास आहे. पण जवळजवळ निम्मा तो दिव्यांचा आणि पडद्यांचा आहे.

पाश्चात्त्य ग्रंथांत या विकाराचा पहिला उल्लेख म्हणून एका खटल्याची हकीकत हटकून दिलेली आढळते. अप्यूलिअस हा लॅटिन भाषेंतील नामांकित लेखक. त्यानें एका श्रीमंत विधवेशीं विवाह केला, तेव्हां तिच्या सासरच्या माणसांनीं त्याच्यावर जादूटोण्याचा आरोप ठेवला, आणि इ. स. १५८-५९ च्या सुमारास साब्राथा नगरांत, म्हणजे आजच्या लिबियांत, रोमन अधिकाऱ्यापुढें तो खटला चालला. थॅलस नांवाच्या मुलास त्यानें मंत्र घालून जमिनीवर पाडलें, असा त्यांतील एक आरोप होता. अप्यूलिअसनें आपली बाजू स्वतःच मांडली. तो म्हणाला, या मुलाला फेफऱ्याचा विकार आहे हें साऱ्यांना ठाऊक आहे. अशाला पाडावयास मंत्र कशाला हवा? गॅगेट नांवाचा दगड जाळून त्याचा धूर दिला तरी असा माणूस पडतो, आणि गुलामांच्या बाजारांत तशी परीक्षाच घेतात. कुंभाराचें फिरतें चाक पाहूनहि तो पडतो. मग जादूगारापेक्षां कुंभारच मोठा मांत्रिक म्हणावयाचा!

पुढील लेखकांनीं या दोन गोष्टींची सरमिसळ केली, आणि रोमन लोक गुलामांना कुंभाराच्या चाकापुढें उभे करून पारखीत असत, अशी एक दंतकथा रूढ झाली. मूळ भाषणांत तसें नाहीं. शिवाय त्या चाकावरून प्रकाश लुकलुकत होता असा एक अक्षरहि तेथें नाहीं. गरगर फिरणारी वस्तु एकटक पाहिल्यानें निकोप माणसालाहि घेरी येते; तेव्हां या पुराव्यावर विसंबून हा विकार दुसऱ्या शतकांत ओळखला गेला होता असें म्हणण्यास मी तयार नाहीं. त्या भाषणाचें मोल निराळें आहे. मुलाचें पडणें त्यानें मांत्रिकाच्या हातून काढून शरीराच्या हवालीं केलें. ग्रीक वैद्यांनीं तेंच काम त्याच्याहि पूर्वीं सुमारें साडेपांचशें वर्षें केलें होतें. हिपोक्राटिसच्या नांवावर असलेल्या 'पवित्र रोग' या निबंधांत, हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाहीं आणि त्याचें मूळ मेंदूंत आहे, असें निक्षून सांगितलें आहे.

आपल्याकडे चरकसंहितेंत निदानस्थानीं आणि चिकित्सास्थानीं अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. अपस्मार या शब्दांतच स्मृतीचें दूर जाणें आहे. रोगी अंधारांत शिरल्यासारखा होतो असें लक्षण तेथें दिलें आहे. त्याहून लक्षणीय म्हणजे, रोग्यास दिसणाऱ्या रूपांचे रंगहि दोषांप्रमाणें वांटून दिले आहेत: वाताच्या विकारांत तांबूस आणि काळीं, पित्ताच्या विकारांत पिंवळीं आणि रक्तवर्ण, कफाच्या विकारांत पांढरीं. म्हणजे झटक्याचा डोळ्यांशीं कांहीं संबंध असूं शकतो हें त्या वैद्यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. परंतु डोळ्यांना झटक्यांत काय दिसतें हा एक प्रश्न झाला. डोळ्यांतूनच झटका आंत शिरतो काय, हा दुसरा. हा दुसरा प्रश्न विचारावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

लंडनमधील क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयांत काम करणारे विल्यम गॉवर्स यांनीं इ. स. १८८० नंतरच्या दशकांत अपस्मारावर जें लिहिलें, त्यांत प्रकाशामुळें झटका येण्याचीं दोन उदाहरणें नोंदलीं आहेत. त्यांतील एक तरुण मुलगी आजारांतून उठून प्रथमच लख्ख उन्हांत गेली आणि कोसळली. हा प्रकार अतिशय विरळा आहे, एवढेंच त्यांना म्हणतां आलें. इ. स. १९३२ मध्यें राडोव्हिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूर्यकिरणांनीं उत्पन्न होणाऱ्या अपस्माराचें फ्रेंच भाषेंत सविस्तर वर्णन केलें. पण या सर्वांनीं रोग्याला बाहेरून पाहिलें होतें. ऊन आणि आंचके यांमधला जो अंधारा मार्ग, तो कोणीं पाहिला नव्हता.

तो मार्ग दाखविणारें उपकरण जर्मनींत येना येथें जन्मलें. तेथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनीं इ. स. १९२४ मध्यें माणसाच्या मेंदूंतील विद्युत्-स्पंदनांचा आलेख प्रथम काढला. पण स्वतःचीच खात्री पटेना म्हणून पांच वर्षें ते गप्प राहिले, आणि इ. स. १९२९ मध्यें त्यांनीं तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूंतून सेकंदास सुमारें दहा या गतीनें संथ लाटा उठतात, आणि डोळे उघडतांच त्या मोडतात, असें त्यांना दिसलें होतें. विद्वानांनीं याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. इ. स. १९३४ मध्यें केंब्रिजच्या एड्रिअन आणि मॅथ्यूज यांनीं तो प्रयोग करून पाहिला, आणि बर्गर यांचें म्हणणें खरें ठरलें. एड्रिअन यांना दोनच वर्षांपूर्वीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें, त्यामुळें आतां कोणाला नाक मुरडतां येईना. या दोघांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. या लाटा डोक्याच्या मागील भागांतून, म्हणजे दृष्टीच्या केंद्राजवळून येतात. आणि डोळ्यांपुढें प्रकाशाची उघडझाप केली, तर तबल्याचा ठेका बदलतांच गाणाराची लय बदलावी तशा त्या लाटा प्रकाशाच्या गतीनें चालूं लागतात. मेंदु बाहेरच्या ठेक्याच्या मागें ओढला जातो हें असें उघड झालें.

मग दुसरें महायुद्ध आलें. तें संपल्यावर, इ. स. १९४६ मध्यें, ब्रिस्टल येथील बर्डन संस्थेंत ग्रे वॉल्टर आणि त्यांचे सहकारी डव्ही व शिप्टन यांनीं विजेवर चालणारा, हवी ती गति देणारा लखलखता दिवा वापरण्यास आरंभ केला. फिरत्या तबकड्यांपेक्षां हा दिवा फार प्रखर आणि फार काटेकोर होता. तो डोळ्यांपुढें धरला असतां कित्येक अपस्मारी रुग्णांच्या आलेखांत साध्या लाटांच्या जागीं झटक्याच्या वेळीं दिसतात तसे उंच टोंकदार फटकारे उमटले. शिप्टन यांनीं तर दिव्याची दोरीच मेंदूच्या हातीं दिली. मेंदूंत लाट उठली कीं तिनेंच पुढचा लखलखाट पेटवावा, अशी त्यांनीं जोडणी केली. निकोप माणसांनाहि या दिव्यापुढें रंगीत भोंवरे आणि नक्षी दिसूं लागे, मग समोर प्रत्यक्षांत पांढऱ्या उजेडावांचून दुसरें कांहीं नसो.

वॉल्टर यांच्या इ. स. १९५३ च्या 'द लिव्हिंग ब्रेन' या पुस्तकांत एका सायकलस्वाराची हकीकत आहे. झाडांच्या रांगेमधून संध्याकाळीं घरीं परततांना त्याची शुद्ध क्षणमात्र हरपली होती. वरकरणीं हा गृहस्थ धडधाकट होता. रस्ता तोच, सूर्य तोच; फक्त सायकलीचा वेग आणि झाडांमधील अंतर यांचा मेळ असा बसला, कीं उन्हाची उघडझाप त्याच्या मेंदूला नको त्या ठेक्यांत गांठून गेली. सायकल थोडी सावकाश चालली असती तर त्याला आपल्या ठायीं कांहीं निराळें आहे हें कदाचित् जन्मभर कळलें नसतें.

ज्या यंत्राची प्रथम भीति वाटावी, तो सिनेमा या बाबतींत बराच निरुपद्रवी ठरला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. मुंबईंत ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं, तेव्हांच्या चित्रपटांत सेकंदास सुमारें सोळा चित्रें सरकत; आणि सोळा ते वीस हीच तर अशा रुग्णांना सर्वांत घातक गति! परंतु पडद्यावरचें थरथरणें प्रेक्षकांच्या डोळ्यांस त्रास देई, म्हणून यंत्रकारांनीं झडपेला तीन पातीं बसविलीं, आणि लखलख सेकंदास अठ्ठेचाळीसवर गेली. बोलपटांत चित्रें चोवीस झालीं, पातीं दोन झालीं, गुणाकार तोच राहिला. प्रेक्षकांच्या सोयीसाठीं केलेल्या या सुधारणेनें किती जणांना वांचविलें असेल, हें त्या कारागिरांना कधीं कळलेंहि नाहीं.

टेलिव्हिजनची गोष्ट वेगळी. इंग्लंड-युरोपांत आणि आपल्याकडेहि विजेची गति सेकंदास पन्नास. तेव्हां जुन्या कांचेच्या नळीचा पडदा सेकंदास पन्नास वेळां उजळे. त्यांतून चित्राच्या रेघा एकाआड एक आळीपाळीनें उमटत, त्यामुळें प्रत्येक रेघ सेकंदास पंचवीस वेळांच उजळे. दूर बसल्यास या रेघा एकमेकींत मिसळून जात. अगदीं जवळ बसल्यास त्या सुट्या दिसत, आणि पडदा सारी नजर व्यापून टाकी. बर्मिंगहॅम येथील पीटर जेव्हन्स आणि ग्रॅहम हार्डिंग यांनीं शेंकडों रुग्णांची तपासणी करून इ. स. १९७५ मध्यें या विषयावर ग्रंथ लिहिला. हा विकार बहुधा बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास प्रकट होतो, मुलांपेक्षां मुलींत अधिक आढळतो, आणि चित्र नीट करण्यासाठीं किंवा दुसरा कार्यक्रम लावण्यासाठीं पडद्याजवळ जाण्याचा क्षणच पुष्कळदां घातक ठरतो, असें दिसून आलें. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं टेलिव्हिजन सुरू झाल्यावर घरोघरच्या आज्या नातवंडांना 'मागें सरून बसा, डोळे बिघडतील' म्हणून दटावीत. डोळे बिघडत नव्हते. पण मागें सरण्याचा सल्ला मात्र, निराळ्याच कारणास्तव, अचूक होता.

या संशोधनांतून निघालेला एक उपाय प्रत्येकानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. समोर अशी लखलख सुरू झाली तर डोळे मिटण्यानें भागत नाहीं, कारण प्रकाश पापण्यांतून आंत येतच राहतो. एक डोळा तळहातानें पूर्ण झांकावा आणि तोंड फिरवावें. एका डोळ्यानें पाहिल्यास बहुतेकांना धोका पुष्कळ कमी होतो. असें कां व्हावें, याचें उत्तर शोधतां शोधतांच पंडितांना मेंदूच्या आंत वाट मिळाली.

ती वाट रेघांची आहे. हबेल आणि वीझल यांनीं इ. स. १९५९ पासून केलेल्या प्रयोगांत, दृष्टिकेंद्रांतील पेशी नुसत्या उजेडापेक्षां विशिष्ट दिशेच्या रेघेला उत्तर देतात असें आढळलें होतें. कोणी उभ्या रेघेला, कोणी आडवीला, कोणी तिरपीला. अपस्माराच्या कांहीं रुग्णांना दिवा न लुकलुकतांहि, केवळ काळेपांढरे पट्टे पाहून झटका येतो हें डॉक्टरांना माहीत होतें. मग विल्किन्स, बिनी आणि डार्बी यांनीं निरनिराळे पट्टे अशा रुग्णांपुढें धरून त्यांचे आलेख काढले. सर्वांत घातक पट्टे कोणते? हात लांब करून धरलेल्या कागदावर दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या काळ्या-पांढऱ्या रेघा आळीपाळीनें काढल्या, तर त्यांच्या आसपासचे. याहून पुष्कळ जाड किंवा पुष्कळ बारीक असल्यास परिणाम मंदावतो. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पट्ट्यांपेक्षां पुष्कळ कमी त्रास देतात. दोन डोळ्यांना वेगवेगळीं चित्रें दाखविलीं तर परिणाम घटतो. दोघांना एकच चित्र दाखविलें तर वाढतो. यावरून घोटाळा डोळ्यांत नसून, दोन्ही डोळ्यांचे संदेश जेथें प्रथम एकत्र येतात त्या दृष्टिकेंद्रांत आहे, असें अनुमान निघालें. आणि तळहाताच्या उपायाचें रहस्यहि उलगडलें.

आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. पट्टे एकाच दिशेनें संथपणें सरकत ठेवले तर रुग्णाचा मेंदु बहुधा शांत राहतो. तेच पट्टे जागच्या जागीं पुढें-मागें हलविले, कीं वादळ उठतें. लेझीमाचा मेळा डोळ्यांपुढें आणा. प्रत्येक गडी आपापल्या वेळीं लेझीम वाजवील तर नुसता गलबला होतो. सारे एकाच ठेक्यावर वाजवतील तर अंगण दणाणतें. सरकत्या पट्ट्यांनीं पेशी एकीमागून एक जाग्या होतात. पुढें-मागें हलणाऱ्या पट्ट्यांनीं त्या एकाच क्षणीं, पुन्हां पुन्हां जाग्या होतात. झटका म्हणजे हजारों पेशींचें हें एकताल होणें.

पण हें एकताल होणें आपल्या साऱ्यांच्याच मेंदूंत थोडेंफार होतें. एड्रिअन यांचा स्वतःचा मेंदुहि प्रकाशाच्या ठेक्यामागें चालला होता. मग या लोकांत उणीव कोणती? इटलींतील पोर्चिआत्ती, गुएर्रीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. २००० मध्यें याचें सुरेख उत्तर दिलें. त्यांनीं पट्ट्यांतील काळ्या-पांढऱ्याचा भेद पायरीपायरीनें वाढविला. निकोप माणसाच्या मेंदूचें उत्तर आरंभीं वाढतें, आणि मग एका मर्यादेशीं थबकतें. भेद कितीहि वाढवा, मेंदु जणूं म्हणतो, पुरे, मला कळलें. अशा रुग्णांच्या मेंदूंत हें थबकणें आढळलें नाहीं. विशिष्ट गतीनें बदलणाऱ्या पट्ट्यांचा भेद जसजसा वाढला, तसतसें त्यांचें उत्तर वाढतच राहिलें. केवळ रंगांचा भेद असलेल्या पट्ट्यांना मात्र त्यांचें उत्तर इतरांसारखेंच होतें. म्हणजे ही दृष्टि अधू नाहीं, कीं बुद्धीचा दोष नाहीं. पाहण्याच्या यंत्राला जो लगाम असतो तो एका ठराविक प्रसंगीं लागत नाहीं. एरवीं ही माणसें तुमच्याआमच्यासारखींच वाचतात, शिवतात, चित्रें काढतात.

रंग अगदींच निर्दोष आहे असें मात्र समजूं नये. गडद, निर्भेळ तांबड्या प्रकाशाची उघडझाप विशेष घातक असते. अशा प्रकाशानें डोळ्यांतील एकाच जातीच्या शंकुपेशी चेतविल्या जातात आणि त्यांना आंवर घालणाऱ्या दुसऱ्या जातीच्या स्वस्थ राहतात, असें त्याचें कारण मानतात. याचा प्रत्यय जपानांत भयंकर रीतीनें आला. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळीं 'पोकेमॉन' या लोकप्रिय व्यंगचित्रमालेचा एक भाग चालू असतां, पडद्यावर तांबडा आणि निळा रंग सेकंदास सुमारें बारा वेळां कांहीं सेकंद लखलखला. ६८५ जणांना रुग्णालयांत न्यावें लागलें, आणि त्यांत बहुतेक मुलेंच होतीं. वृत्तांतून तोच तुकडा पुन्हां दाखविण्यांत आला, तेव्हां आणखी कांहीं मुलें आजारी पडलीं! ज्यांना झटके आले त्यांपैकीं बहुतेकांना पूर्वीं कधींहि झटका आलेला नव्हता. ती मालिका चार महिने बंद ठेवण्यांत आली.

यांतील खेदाची गोष्ट ही, कीं ब्रिटनमध्यें याविषयींचे नियम त्यापूर्वींच झालेले होते. इ. स. १९९३ मध्यें तेथें एका जाहिरातीमुळें कांहीं प्रेक्षकांना झटके आले, आणि हार्डिंग यांच्या सल्ल्यानें मर्यादा घालण्यांत आली: सेकंदास तीनांहून अधिक लखलखाट नसावेत, आणि गडद तांबडी उघडझाप टाळावी. जपानने असे नियम १९९८ मध्यें केले. नियम असूनहि चूक होतेच. लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं २००७ मध्यें काढलेल्या प्रसिद्धि-चित्रफितींतील एक तुकडा तक्रारी आल्यावर मागें घ्यावा लागला. पुढें तर कांहीं दुष्टांनीं जाणूनबुजून अपस्मारी माणसांना लखलखणारीं चित्रें पाठविण्यास सुरुवात केली, आणि ब्रिटनला २०२३ च्या कायद्यानें हें कृत्य गुन्हा ठरवावें लागलें.

आपल्या देशांत कायद्याची कथा वेगळ्या वाटेनें गेली. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ च्या दुरुस्तीनें वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाच्या पात्रतेच्या आड येणारा दोष म्हणून वेडाच्या जोडीला बसविण्यांत आला होता. १९९९ मध्यें तो शब्द काढून टाकण्यांत आला. मधलीं तेवीस वर्षें किती मुलींचे आईबाप हा आजार डॉक्टरांपासून, शेजाऱ्यांपासून, आणि वरपक्षापासून लपवीत राहिले असतील, याची गणती कोणीं ठेवली नाहीं. आजार लपविला म्हणजे औषध चुकतें, आणि औषध चुकलें म्हणजे झटका येतो. कायद्यांतून शब्द गेला. स्थळें पाहतांना होणाऱ्या कुजबुजींतून तो अजून गेलेला नाहीं.

औषधाविषयीं सांगावयाचें तर, व्हॅल्प्रोएट या औषधानें निम्म्याहून अधिक रुग्णांची ही प्रकाशाची बाधा आलेखांतून नाहींशी होते, असें १९७८ मध्येंच दाखविलें गेलें. परंतु गर्भावस्थेंत तें घेतल्यास बालकास गंभीर अपाय होऊं शकतो, आणि हा विकार तर मुलींतच अधिक. म्हणून आतां तें तरुण स्त्रियांना सहसा देत नाहींत, व दिल्यास फार जपून देतात. इटलींत सहाशेंहून अधिक रुग्णांना विशिष्ट निळ्या कांचांचा चष्मा लावून तपासलें, तेव्हां सुमारें तीन-चतुर्थांशांच्या आलेखांतील फटकारे पार नाहींसे झाले. त्याचा वृत्तांत २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. कांहीं रुग्णांत, सुमारें एक-चतुर्थांशांत, वयाच्या विशी-तिशींत ही बाधा आपोआप ओसरते. तोंवर अशा मुलानें अंधाऱ्या खोलींत पडद्याला नाक लावून बसूं नये, खोलींत दुसरा दिवा तेवत ठेवावा, जागरण टाळावें. आणि आगगाडींत सूर्य झाडांआडून लुकलुकूं लागला, तर एक डोळा तळहाताखालीं झांकून सावलीच्या बाजूला तोंड करावें.